विश्लेषण : वाय-फाय राउटर ‘बूट लूप’मध्ये अडकलाय? फेकून देण्याआधी काय करून पाहाल?

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. कराडला आमच्या घरी धाकटी बहीण सीईटीच्या कॅप फेरीचा ऑप्शन फॉर्म भरत बसली होती. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होती. बाहेर पाऊस, आणि वीज तीनदा आली-गेली. चौथ्यांदा आली ती टिकली, पण राउटर काही टिकेना. सगळे दिवे एकदम लागायचे, काही सेकंदांनी विझायचे आणि पुन्हा लागायचे. मोबाइलवर वाय-फायचे नाव क्षणभर दिसायचे आणि गायब व्हायचे.

घरातला इंजिनीअर मी. सुट्टीला आलो होतो, त्यामुळे जबाबदारी आपसूकच माझ्याकडे आली. मी टाचणी घेतली, रीसेटचे बटण दाबून धरले, पुन्हा धरले, मग लॅपटॉप उघडून नवे फर्मवेअर चढवण्याच्या मागे लागलो. रात्री बारापर्यंत काहीही झाले नाही. सकाळी गल्लीतले टीव्ही दुरुस्त करणारे काका आले आणि त्यांनी पाच मिनिटांत दोष सांगितला : राउटर ठीक आहे, ॲडॉप्टर गेलाय. दुसरा ॲडॉप्टर लावताच राउटर सुरू झाला. पण इंटरनेट मात्र आले नाही, कारण आदल्या रात्री रीसेट करताना कनेक्शनचे युजरनेम आणि पासवर्ड मीच पुसून टाकले होते.

‘बूट लूप’मध्ये अडकलेले राउटर बऱ्याचदा वाचवता येतात. पण काय करायचे याइतकेच कोणत्या क्रमाने करायचे हेही महत्त्वाचे असते. तो क्रम समजून घेऊ.

‘बूट लूप’ म्हणजे नेमके काय?

राउटर हा एक छोटा संगणकच असतो. त्यात प्रोसेसर असतो, रॅम असते आणि फर्मवेअर साठवण्यासाठी फ्लॅश मेमरी असते. घरगुती राउटरमध्ये ही मेमरी कधी ८ किंवा १६ मेगाबाइट, तर नव्या मॉडेलांत १२८ मेगाबाइट किंवा त्याहून जास्त असते. बहुतेक राउटरच्या आत लिनक्सच चालते.

वीज मिळाली की सर्वात आधी ‘बूटलोडर’ नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो. तो मेमरी आणि नेटवर्क पोर्ट तयार करतो, मग फ्लॅशमधून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, उचलून त्याच्या हाती कारभार देतो. कर्नल उरलेली फाइल व्यवस्था उघडतो, तुमची सेटिंग्ज वाचतो आणि शेवटी वाय-फाय सुरू करतो. या सगळ्याला साधारण एक-दोन मिनिटे लागतात.

या साखळीत कुठेही अडखळले की राउटर स्वतःहून रीस्टार्ट होतो. कधी कर्नलच हार मानतो, तर कधी ‘वॉचडॉग’ नावाचा टायमर ठरलेल्या वेळेत उत्तर न मिळाल्याने यंत्र पुन्हा सुरू करतो. हेतू चांगला असतो : तात्पुरती अडचण असेल तर रीस्टार्टने सुटावी. पण दोष कायमचा असेल तर राउटर दर वेळी त्याच ठिकाणी अडखळतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. हाच बूट लूप.

राउटर असा का अडकतो?

ढोबळमानाने चार कारणे आहेत. पहिले, वीजपुरवठा : ॲडॉप्टर कमजोर होणे, पिन सैल होणे. दुसरे, बिघडलेली सेटिंग्ज : सेटिंग लिहिली जात असताना वीज गेली तर तो भाग अर्धवट राहतो. तिसरे, बिघडलेले फर्मवेअर : अपडेट चालू असताना वीज गेली किंवा दुसऱ्याच हार्डवेअर व्हर्जनची फाइल चढवली. चौथे, प्रत्यक्ष हार्डवेअरचा दोष : जुनी झालेली फ्लॅश, उष्णतेने खराब झालेला भाग किंवा विजेच्या कडकडाटात केबलमधून आलेला झटका.

अर्धवट अपडेटनेही बूटलोडर सहसा शाबूत राहतो, कारण साधारण अपडेटमध्ये त्याला हात लावला जात नाही. म्हणूनच कर्नल बिघडला तरी राउटर परत आणता येतो. पुढच्या सगळ्या युक्त्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

सर्वात आधी काय तपासायचे?

वीज. मी हीच पायरी गाळली होती.

आधी राउटरची सगळी जोडणी काढा. लॅन केबल, इंटरनेटची केबल, मागे लावलेला पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क काढून ठेवा. एक्स्टेन्शन बोर्ड किंवा मिनी यूपीएस मधे असेल तर तोही वगळून थेट भिंतीतल्या सॉकेटला ॲडॉप्टर लावा. रीसेट आणि डब्ल्यूपीएसची बटणे आत अडकून बसलेली नाहीत ना, हे बोटाने पाहा. बटण दाबलेलेच राहिले तरी राउटर विचित्र वागतो. राउटर तापला असेल तर अर्धा तास बंद ठेवून मग सुरू करा.

आता ॲडॉप्टर. त्याच्या आत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, आणि ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातात. असा ॲडॉप्टर कमी भारावर पूर्ण व्होल्टेज देतो, पण वाय-फायचा रेडिओ सुरू होऊन करंटची मागणी वाढली की कोसळतो. व्होल्टेज पडते, राउटर बंद होतो, भार जातो, व्होल्टेज पुन्हा वर येते, राउटर पुन्हा सुरू होतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा फर्मवेअरचा बूट लूपच वाटतो.

म्हणूनच नुसता मल्टिमीटर लावून चालत नाही. काकांनी मोकळ्या ॲडॉप्टरची पिन मोजली तेव्हा मीटरवर १२ व्होल्ट दिसले, आणि मी ‘बघा, ठीक आहे’ म्हणूनही गेलो. त्यांनी काही न बोलता मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॉटचा बल्ब त्याला जोडला. हा बल्ब साधारण ०.८ अँपिअर करंट घेतो, आणि आमचा ॲडॉप्टर १ अँपिअरचा होता. बल्ब मिणमिणला आणि मीटरचा आकडा ७ च्या आसपास घसरला.

मीटर नसेल तर सोपा उपाय म्हणजे दुसरा ॲडॉप्टर लावून पाहणे. जुन्या सेट-टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर अनेक घरांत पडून असतो. पण तीन गोष्टी जुळल्याच पाहिजेत. व्होल्ट तेवढेच हवेत : १२ च्या जागी १२, ९ च्या जागी ९. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नाही. आणि पिनची ध्रुवता तीच हवी. लेबलवर वर्तुळ आणि अधिक-उणे चिन्हांची छोटी आकृती असते, ती दोन्हीकडे सारखी आहे का पाहा. पिनही घट्ट बसली पाहिजे.

दिव्यांवरून काही कळते का?

बरेच कळते. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि एका फेरीला किती वेळ लागतो ते दोन-तीनदा मोजा. फेरी दोन-पाच सेकंदांचीच असेल आणि फक्त पॉवरचा दिवा लुकलुकत असेल, तर संशय वीज किंवा बूटलोडरवर घ्या. फेरी अर्ध्या-एक मिनिटाची असेल आणि लॅन किंवा वाय-फायचा दिवा लागल्यानंतर सगळे विझत असेल, तर कर्नल सुरू होऊन नंतर कोसळतोय. अशा वेळी सेटिंग्ज, फर्मवेअर किंवा रेडिओच्या भाराखाली दबणारा ॲडॉप्टर, यांपैकी काहीही असू शकते. ॲडॉप्टर बदलूनही फेरीची वेळ दर वेळी तंतोतंत सारखी राहत असेल, तर दोष सॉफ्टवेअरचा असण्याची शक्यता जास्त.

रीसेट करण्याआधी काय जपून ठेवायचे?

महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्यांच्या गावी अनेक घरांत स्थानिक ऑपरेटरचे कनेक्शन असते. अशा ठिकाणी राउटरमध्ये बऱ्याचदा पीपीपीओई नावाच्या पद्धतीचे युजरनेम आणि पासवर्ड भरलेले असतात. काही ठिकाणी व्हीलॅन क्रमांकही द्यावा लागतो. फॅक्टरी रीसेट केल्यावर हे सगळे जाते. राउटर जिवंत होतो, पण इंटरनेट येत नाही.

त्यामुळे टाचणी हातात घेण्याआधी ऑपरेटरकडून ही माहिती मागून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. काही ऑपरेटर तुमचे कनेक्शन एका विशिष्ट मॅक ॲड्रेसशी बांधून ठेवतात. तसे असेल तर राउटर बदलल्यावर त्यांना फोन करून नवा मॅक ॲड्रेस नोंदवावा लागतो. तो राउटरच्या खालच्या लेबलवर छापलेला असतो.

मग रीसेट. राउटर सुरू असताना बटण साधारण दहा सेकंद दाबून ठेवा, सोडा आणि पाच मिनिटे थांबा. इंटरनेटवर ‘३०-३०-३० रीसेट’चा सल्ला हमखास सापडतो : ३० सेकंद सुरू असताना, ३० सेकंद वीज काढून आणि ३० सेकंद वीज देऊन बटण दाबून ठेवायचे. ही युक्ती काही जुन्या राउटरांसाठी होती. नव्या, एआरएम प्रोसेसरच्या राउटरांवर ती वापरू नये. त्यांच्यात सुरू होताना दाबलेल्या बटणाचा अर्थ वेगळा असतो.

फर्मवेअर पुन्हा कसे चढवायचे?

ॲडॉप्टर बदलला, रीसेट केले, तरीही लूप चालूच असेल तर बूटलोडरची मदत घ्यायची. त्यासाठी लॅन पोर्ट असलेला संगणक, एक लॅन केबल आणि योग्य फर्मवेअर फाइल हवी. फाइल दुसऱ्या इंटरनेटवरून, म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, आणि फक्त कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. मॉडेलचे नाव जुळणे पुरेसे नाही, हार्डवेअर व्हर्जनही जुळले पाहिजे. लेबलवर ‘व्हर्जन २’ असेल आणि तुम्ही ‘व्हर्जन ५’ची फाइल चढवली, तर आतला प्रोसेसरच वेगळा असू शकतो.

बूटलोडर फाइल घेण्यासाठी बऱ्याचदा टीएफटीपी ही पद्धत वापरतो. ही १९८० च्या सुमाराची अगदी साधी पद्धत आहे : पासवर्ड नाही, फोल्डरची यादी नाही, फक्त ‘फाइल दे’ किंवा ‘फाइल घे’. म्हणूनच ती काही किलोबाइटच्या बूटलोडरमध्येही मावते.

टीपी-लिंकच्या आर्चर सी७ या लोकप्रिय राउटरचे उदाहरण घेऊ. 

१. संगणकाचे वाय-फाय बंद करा. लॅन पोर्टला १९२.१६८.०.६६ हा स्थिर आयपी पत्ता द्या, सबनेट २५५.२५५.२५५.०. हे आकडे संगणकावर अर्थातच इंग्रजीत भरायचे. 
२. टीएफटीपीडी६४ सारखा मोफत टीएफटीपी सर्व्हर सुरू करा आणि फर्मवेअरची फाइल त्याच्या फोल्डरमध्ये ठेवा. फाइलचे नाव बूटलोडरला अपेक्षित आहे तेच हवे. या राउटरसाठी ते मॉडेल, व्हर्जन आणि पुढे ‘टीपी रिकव्हरी’ असे असते. एक अक्षर चुकले तरी राउटरला फाइल सापडत नाही. 
३. विंडोजचा फायरवॉल तात्पुरता बंद करा. बरेच जण इथेच अडकतात. काम झाले की तो आठवणीने पुन्हा सुरू करा. 
४. केबल राउटरच्या पिवळ्या लॅन पोर्टमध्ये लावा, निळ्या इंटरनेट पोर्टमध्ये नाही. 
५. राउटर बंद करा, रीसेट बटण दाबून धरा आणि धरलेले असतानाच सुरू करा. आठ-दहा सेकंदांनी डब्ल्यूपीएसचा दिवा लागला की सोडा. 
६. राउटर १९२.१६८.०.८६ हा पत्ता घेऊन फाइल मागतो. सर्व्हरच्या खिडकीत फाइल गेल्याची नोंद दिसते. त्यानंतर किमान पाच मिनिटे कशालाही हात लावू नका, कारण फाइल पोहोचल्यावर ती फ्लॅशवर लिहिली जात असते.

टीपी-लिंकच्या जुन्या मॉडेलांसाठी एक इशारा : फर्मवेअर फाइलच्या नावात ‘बूट’ हा शब्द असेल तर तिच्यात बूटलोडरही भरलेला असतो. ती या पद्धतीने तशीच चढवली तर उरलासुरला आधारही जाऊ शकतो.

इतर कंपन्यांचे मार्ग वेगळे आहेत. आसूसच्या राउटरांत रीसेट दाबून सुरू केल्यावर पॉवरचा दिवा संथपणे लुकलुकतो. हा ‘रेस्क्यू मोड’ असतो, आणि कंपनीच्या ‘फर्मवेअर रिस्टोरेशन’ या प्रोग्रामने फाइल चढवता येते. डी-लिंकच्या अनेक मॉडेलांत याच प्रकारे सुरू केल्यावर ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ वर फाइल चढवण्याचे साधे पान उघडते. नेटगिअरच्या बऱ्याच राउटरांना संगणकाकडून १९२.१६८.१.१ वर टीएफटीपीने फाइल पाठवावी लागते. मायक्रोटिकसाठी ‘नेटइन्स्टॉल’ आहे. लिंक्सिसच्या काही मॉडेलांत फर्मवेअरच्या दोन प्रती असतात. सुरू होता होता तीनदा बंद केले की चौथ्या वेळी राउटर दुसऱ्या प्रतीवरून उठतो. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी घातले असेल तर ‘फेलसेफ मोड’ वापरून बिघडलेली सेटिंग्ज बाजूला ठेवता येतात.

बूटलोडर जिवंत आहे का, हे पाहायला पिंग उपयोगी पडते. संगणकावरून राउटरच्या पत्त्याला सतत पिंग लावा आणि राउटर सुरू करा. सुरुवातीच्या काही सेकंदांत एक-दोन उत्तरे येऊन थांबली, तर आशा आहे. ब्रॉडकॉम चिपच्या अनेक जुन्या राउटरांत बूटलोडरच्या उत्तरात टीटीएलचा आकडा १०० दिसतो, तर लिनक्स सुरू झाल्यावर तो ६४ होतो. राउटर सतत रीस्टार्ट होत असल्याने संगणकाचा लॅन पोर्टही दर वेळी तुटतो आणि ही क्षणिक संधी निसटते. संगणक आणि राउटरच्या मधे एक साधा नेटवर्क स्विच ठेवला तर ही अडचण जाते.

कोणत्या राउटरवर हे प्रयोग करू नयेत?

फायबर कनेक्शनबरोबर कंपनीने दिलेल्या पेटीवर. ही ‘ओएनटी’ असते, नुसता राउटर नव्हे. तिचे फर्मवेअर कंपनीचे खास असते, बहुतेकदा मालकीही कंपनीचीच असते, आणि सेटिंग्ज दुरून भरली जातात. इथे ॲडॉप्टर तपासणे एवढेच आपले काम. एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर दोष राउटरचा नसून फायबरच्या तारेचा किंवा जोडणीचा असतो. त्या वेळी रीसेट करून फक्त नुकसानच होते.

हा सायबर हल्ला असू शकतो का?

क्वचित, पण असू शकतो. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम अशा हल्ल्यात बंद पडले होते. कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड न बदललेल्या मोडेमना त्याचा फटका बसला. त्यानंतर ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले. अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये तर ७२ तासांत एकाच इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांचे सहा लाखांहून अधिक राउटर निकामी झाले. ल्युमेन कंपनीच्या ब्लॅक लोटस लॅब्ज या विभागाने मे २०२४ मध्ये ही माहिती उघड केली. ते राउटर दुरुस्त झाले नाहीत, बदलावेच लागले.

म्हणून राउटर वाचला की लगेच तीन कामे करा : ॲडमिन पासवर्ड बदला, फर्मवेअर ताजे करा आणि बाहेरून राउटर हाताळू देणारी ‘रिमोट मॅनेजमेंट’ची सोय बंद ठेवा. अपडेट करताना राउटर यूपीएसवर असू द्या, आणि पावसाळी संध्याकाळ टाळा.

कधी थांबायचे?

ॲडॉप्टर बदलूनही पिंगला एकही उत्तर येत नसेल आणि दिवे एकाच स्थितीत गोठले असतील, तर बूटलोडरच गेलेला असू शकतो. यापुढचे काम राउटर उघडून सिरीयल केबल जोडण्याचे किंवा फ्लॅश चिप थेट प्रोग्राम करण्याचे आहे. सिरीयलची ही जोडणी बहुतेक ३.३ व्होल्टची असते. तिथे ५ व्होल्ट दिले तर प्रोसेसर जळू शकतो. शिवाय फ्लॅशमध्ये त्या एका राउटरपुरती वाय-फाय कॅलिब्रेशनची माहिती असते. ती पुसली की दुसऱ्या राउटरवरून आणता येत नाही. सरावाच्या माणसाकडे द्या किंवा नवा घ्या. जुना राउटर भंगारवाल्याकडे देण्याऐवजी ई-कचरा संकलनाला द्या. त्यात तुमचा वाय-फाय पासवर्ड अजून असतो हेही लक्षात ठेवा.

तोवर घरातले काम कसे चालवायचे?

मोबाइलचा हॉटस्पॉट आहेच. यूएसबी केबलने फोन लॅपटॉपला जोडला तर बॅटरीही उतरत नाही. पीपीपीओईची माहिती हाताशी असेल तर ऑपरेटरची लॅन केबल थेट लॅपटॉपला लावून विंडोजमध्ये ‘ब्रॉडबँड कनेक्शन’ तयार करता येते. राउटरशिवाय तेवढ्या एका संगणकावर इंटरनेट सुरू होते.

आमच्याकडे ती माहिती नव्हती, कारण मी ती पुसली होती. ऑपरेटरचा माणूस सकाळी अकराला फोन उचलेपर्यंत बहिणीने वडिलांच्या मोबाइलवरून हॉटस्पॉट घेऊन फॉर्म भरला. ‘दादा, तू काही केलं नसतंस तर रात्रीच झालं असतं’, एवढेच ती म्हणाली. राउटर अजून चालू आहे. त्याच्या खाली आता कागदाची एक पट्टी चिकटवली आहे : युजरनेम, पासवर्ड, ऑपरेटरचा नंबर. आणि वडिलांच्या अक्षरात शेवटची ओळ, ‘आधी ॲडॉप्टर बघणे.’